मयताची पोच

१

माणूस मेला तो सफरचंदांच्या डोक्यावर.

त्या कोठीत अठरा हवाबंद खोल्या होत्या आणि प्रत्येक खोलीत छताला भिडतील इतक्या फळांच्या पेट्या. फळं महिनोन्‌महिने ताजी राहावीत म्हणून खोल्यांतला प्राणवायू हटवून नायट्रोजन भरायचा, असा तिथला धंदा. खोल्यांच्या वर लांबच लांब माळा होता. माळ्यात नळ, झडपा आणि वाकून चालण्यापुरती जागा. झडपा बघणारा मिस्त्री मंगळवारी पावणेबाराला त्या माळ्यावर चढला आणि जेवायला खाली उतरला नाही. शेवटी कुणीतरी बघायला गेलं, तेव्हा तो एका झडपेला टेकून बसला होता. पाना हातात तसाच होता. नायट्रोजनला ना वास, ना रंग. दोन श्वासांत माणसाची शुद्ध जाते आणि जाताना त्याला कळतही नाही.

आता असं होऊ नये म्हणूनच तर तिथे भोंगा होता. माळ्यावर प्राणवायू कमी झाला की भोंगा वाजायचा आणि कुणीतरी ‘पोच’ लिहिलेलं बटण दाबेपर्यंत थांबायचा नाही. पॅनेलच्या संगणकात नोंद अशी होती: अकरा बेचाळीसला भोंगा, दोन सेकंदांनी पोच, पोच देणारीचं नाव पॅनेलवर बसणाऱ्या बाईचं. अकरा चव्वेचाळीसला मिस्त्रीने जिन्याखालच्या फोनवरून तिलाच विचारलं होतं, “वहिनी, वर जाऊ का?” आणि ती म्हणाली होती, “जा.”

वहिनी हा शब्द त्याने उगाच वापरला नव्हता. ती त्याच्या थोरल्या भावाची बायको होती.

नऊ दिवसांनी, गुरुवारी, सुरक्षा खात्याची तपासनीस बाई कोठीत आली. वय अठ्ठावन्न, गुडघे कुरकुरणारे, जीभ त्याहून जास्त. तरुणपणी वीस वर्षं प्रोग्रॅम लिहिण्यात घालवलेली. छापील कागद भिंगाखाली धरून वाचायची सवय, म्हणून खात्यात तिला मागे सगळे भिंगबाई म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे.

“अहवाल संध्याकाळपर्यंत द्या,” फाटकावरचा पोलीस म्हणाला. “तो आला की त्या बाईला ताब्यात घ्यायचं. तशी केस उघडच आहे म्हणा. भोंगा बंद केला आणि दिराला मरायला पाठवलं.”

“उघड असेल तर मला कशाला बोलावलं?” भिंगबाई म्हणाली आणि आत गेली.

२

तिला बसायला पेट्यांच्या वजनकाट्याची खोली दिली होती. वहिनी समोर आली ती हात पदरात गुंडाळून. चौतिशीची असेल, पण नऊ दिवसांत चेहरा पार उतरलेला.

“बटण तुम्ही दाबलं?”

“नाही.”

“नोंदीत तुमचं नाव आहे.”

“माहीत आहे. नऊ दिवस सगळे मला तेच नाव वाचून दाखवतायत.” तिचा आवाज चढला नाही. “मी दाबलं नाही, बाई. माझ्या पडद्यावर धोक्याची लाल रेघ नव्हती. लाल असती तर मी त्याला वर जाऊ दिलं असतं का? माझ्या लग्नात तो आठवीत होता. त्याचा अभ्यास मी घेतलाय.”

“प्राणवायूचा आकडा पाहिला होता?”

वहिनीने सवयीने मान वळवली. मग म्हणाली, “आधी भिंतीवर काटा होता. मान वळवली की दिसायचा. नवीन यंत्रात तो आकडा चार पडदे आत आहे. ट्रकवाल्याचा फोन चालू होता. मी लाल रेघ नाही एवढंच पाहिलं आणि जा म्हणाले.”

“भोंगा?”

“वाजला नाही,” ती म्हणाली. जरा घाईनेच म्हणाली.

भिंगबाईने ते टिपून ठेवलं. “सध्या घरी कोण कोण असतं?”

“घरी मी नसते. सासूबाई म्हणाल्या, खरंखोटं होईपर्यंत या उंबऱ्यात यायचं नाही. नवरा काही बोलला नाही. तो कधीच बोलत नाही. मी मैत्रिणीकडे राहते.” तिने खिडकीबाहेर पाहिलं. फाटकाजवळच्या बाकावर एक म्हातारी ताठ बसली होती. “त्या रोज येतात. दिवसभर बसतात. माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत.”

३

रात्रपाळीचा फिटर दिवसा झोपायचा, त्याला उठवून आणलं होतं. माणूस मोकळा, पण बोलला ते वहिनीच्या मुळावर येणारं.

“भोंगा ठणठणीत आहे, बाई. रात्री नायट्रोजन भरताना थोडा माळ्यात झिरपतो, मग हा बोंब मारतो. मी धावत जाऊन पोच दाबेपर्यंत गप्प बसत नाही. गेल्या आठवड्यात तर समोरच्या वस्तीतले लोक भांडायला आले होते.”

“आणि दिवसा?”

“दिवसाचं मला काय ठाऊक? मी तीन वर्षं रात्रपाळीलाच आहे. पण भोंगा एकच, तार एकच. तो रात्री ओरडतो आणि दिवसा मुका होतो, असं कसं?”

प्रोग्रॅमर शहरातून आला होता. अंगात कडक इस्त्रीचा सदरा आणि बोलणं भरभर. जुना प्रोग्रॅम काढून नवा त्यानेच बसवला होता, अडीच महिन्यांपूर्वी.

“जुना किती मोठा होता?” भिंगबाईने विचारलं.

“मोठा?” तो हसला. “चाळीस ओळी, मॅडम. पॅनेलच्या भिंतीवर कागद चिकटवला होता त्याचा. हवा कमी तर भोंगा, बटण दाबलं तर भोंगा बंद. संपलं. आमच्यात तीनशे बारा नियम आहेत, आणि कोड न लिहिता, नुसत्या चौकटीत टिचकी मारून कुणालाही नवा नियम लावता येतो. फोनवर निरोप जातात, आलेख निघतात, दोन पॅनेल आहेत, एक मुख्य आणि एक माळ्याच्या जिन्याखाली, आणि दोन्हीकडून पोच मिळाली तरच भोंगा थांबतो. एखादी सोय सुरू केली की ती दोन्हीकडे आपोआप लागू होते. बंद करायची तर मात्र प्रत्येक पॅनेलवर वेगळी करावी लागते. एका टिचकीत सगळं बंद पडू नये म्हणून. सुरक्षितता!”

“तीनशे बारा नियम तुला तोंडपाठ आहेत?”

“ते कुणालाच नसतात, मॅडम.”

नाकापेक्षा मोती जड, असं तिच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं आणि मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर आला नाही. त्याने तिलाच आपल्या खोलीत बोलावलं. नऊ ते पाच तो तिथेच असे. मोठी खिडकी, बाहेरून आलेल्या व्यापाऱ्यांसाठी गुबगुबीत खुर्च्या, आणि खिडकीच्या बाहेर हाताच्या अंतरावर भिंतीत बसवलेला तो भोंगा.

“फार वाईट झालं,” मॅनेजर म्हणाला. “मुलगा चांगला होता. पण यंत्राला दोष देऊ नका. इथे माझ्या टेबलावरून सगळी कोठी चालते. इथे एक टिचकी मारली की सगळीकडे बदल. माणसानेच चूक केली तर यंत्र काय करणार?”

“या खिडकीत भोंग्याचा त्रास होत असेल.”

“सवय होते,” तो म्हणाला.

४

तिने दोन्ही पॅनेलच्या तीन महिन्यांच्या नोंदी कागदावर छापून मागितल्या. पोलिसांनी फक्त मुख्य पॅनेलच्या घेतल्या होत्या. जिन्याखालच्या पॅनेलवर मिस्त्री एकटाच काम करायचा आणि मिस्त्री तर मेला, मग बघायचं काय, असा त्यांचा हिशोब.

दुपारभर भिंगबाई कागदांवर वाकून बसली. मुख्य पॅनेलच्या नोंदींत तिला एक गोष्ट दिसली आणि ती कुणाच्या नजरेतून सुटावी याचं तिला नवल वाटलं. रात्री भोंग्याला पोच मिळायला कधी वीस सेकंद लागत, कधी पन्नास, कधी दीड मिनिट. माणूस कुठे असेल तिथून येणार, तसा वेळ. दिवसा मात्र प्रत्येक पोच दोन सेकंदांनी. रोज. बरोबर दोन. वहिनी फोनवर असो, पाणी प्यायला उठलेली असो, शिंकत असो.

दोन महिन्यांपासून हे चाललं होतं. त्याआधी दिवसाही पाच, अकरा, सात असे आकडे होते.

तिने अपघाताचा मंगळवार भिंगाखाली धरला. अकरा बेचाळीस, दोन सेकंद, वहिनीचं नाव. दुपारी एकला वहिनीला पोलीस चौकशीला घेऊन गेले होते आणि पॅनेलवर बदली माणूस बसला होता. तीन वीसला पुन्हा भोंगा. दोन सेकंद. आता नाव बदली माणसाचं.

वहिनीचं बोट त्या वेळी पोलीस ठाण्यात होतं. दोन सेकंद मात्र इथेच राहिले होते.

पुढची ओळ चार पस्तीसची. एकोणीस सेकंद. आणि तिथून पुढे आजपर्यंत, मुख्य पॅनेलवर दोन सेकंदांची एकही पोच नव्हती.

मग तिने जिन्याखालच्या पॅनेलचा गठ्ठा ओढला. मंगळवार, अकरा बेचाळीस, दोन सेकंद, नाव मिस्त्रीचं. म्हणजे खालीही बटण आपोआप दाबलं गेलं होतं. तिने पान उलटलं. बुधवार. गुरुवार. तिचा हात थांबला. तिने चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

शेवटची ओळ आजची होती. सकाळी नऊ चौदा. भोंगा. दोन सेकंदांनी पोच.

पोच देणाऱ्याचं नाव: मिस्त्री.

५

“मेलेला माणूस बटण दाबतोय,” तिने फिटरसमोर कागद आपटला. “रात्रीसुद्धा. तुझ्या पाळीत. बोल.”

फिटरने कागद उचलून पाहिला. “ते मी दाबतो, बाई. रात्री भोंगा वाजला की दोन्हीकडची बटणं मलाच दाबावी लागतात. त्याचं नाव जिन्याखालच्या पॅनेलवर तसंच राहिलंय. काढायचं कुणी? मला... मला ते काढवलं नाही.”

तिने कागद पाहिला. रात्रीच्या पोचेला चाळीस सेकंद, सत्तर सेकंद. हा खरं बोलत होता. रात्रीचं भूत फिटर होता. दिवसाचं भूत अजून मोकळं होतं.

तिने प्रोग्रॅमरला हाक मारली. “नऊच्या आधी नाही, पाचच्या नंतर नाही. दोन सेकंद. असं काय आहे तुझ्या तीनशे बारा नियमांत?”

तो बराच वेळ संगणकात शोधत राहिला. पंधरा मिनिटं गेली, वीस गेली. स्वतःच लिहिलेल्या घरात तो खोल्या चुकत होता. मग त्याची बोटं थांबली.

“‘शांत वेळ’ म्हणून एक चौकट आहे,” तो हळूच म्हणाला. “साहेब लोकांच्या फोनवर बैठकीत निरोप येऊ नयेत म्हणून. वेळ टाकायची, नऊ ते पाच वगैरे. पण पोच मिळाल्याशिवाय निरोप थांबत नाहीत. म्हणून शांत वेळेत प्रोग्रॅम स्वतःच पोच देतो.”

“आणि भोंगा?”

“भोंगाही तीच पोच ऐकतो. मी फोनला आणि भोंग्याला एकच पोच ठेवली. सोपं व्हावं म्हणून.”

“सोपं तुला झालं,” भिंगबाई म्हणाली. “आणि दुसऱ्याचं नाव?”

“नावाशिवाय पोच घ्यायची नाही असा नियम आहे. तुमच्याच खात्याचा. म्हणून जो कोणी पॅनेलवर असेल त्याचं नाव प्रोग्रॅम उचलतो.”

तो नियम लिहिणाऱ्या समितीत ती होती. जबाबदारी टाळता येऊ नये म्हणून तिनेच तो आग्रहाने घालायला लावला होता. तिने मान खाली घातली आणि कागद उगाचच सारखे केले. थोड्या वेळाने म्हणाली, “ही चौकट कुणी भरली ते कळतं?”

“नाही. मॅनेजर, फिटर, मी, तिघांकडे परवानगी आहे. चौकटी भरणाऱ्याचं नाव ठेवायचं राहून गेलं.”

“बटण दाबणाऱ्या गरिबाचं नाव ठेवलंस, आणि बटण मुकं करणाऱ्याचं राहून गेलं.” ती उठली. “चला. दोघंही मॅनेजरच्या खोलीत चला. वहिनीलाही बोलवा.”

६

मॅनेजरने गुबगुबीत खुर्च्या पुढे केल्या. कुणी बसलं नाही.

“दोन महिन्यांपूर्वी कुणीतरी शांत वेळेची चौकट भरली,” भिंगबाई म्हणाली. “ती भरताना माणूस मरेल असं त्याला वाटलं नसेल. ते मी एक वेळ समजू शकते. पण मंगळवारी तीन वीस ते चार पस्तीसच्या दरम्यान त्याच माणसाने मुख्य पॅनेलवरची चौकट पुसली. प्रेत अजून दवाखान्यात होतं. म्हणजे भोंगा का थांबला हे त्याला नेमकं ठाऊक होतं, आणि त्याने एका बाईला नऊ दिवस फासाखाली उभं राहू दिलं. तो तुमच्या तिघांपैकी एक आहे.”

फिटर म्हणाला, “मी नाही. मी त्या वेळी घरी झोपलो होतो.”

“झोपेचा साक्षीदार नसतो,” ती म्हणाली. “पण तुझं नाव मी आधीच काढलंय. नऊ ते पाच भोंगा वाजो की न वाजो, तुला काय? तुझी झोपमोड रात्री होते. तू भरली असतीस तर रात्रीची भरली असतीस.”

ती प्रोग्रॅमरकडे वळली.

“आणि हा. हा लपवायला गेला असता तर नीट लपवलं असतं. चौकट सुरू केली की दोन्ही पॅनेलवर लागू होते, पण पुसायची तर प्रत्येक ठिकाणी वेगळी पुसावी लागते. ही मखलाशी याचीच. याने दोन्हीकडची पुसली असती. पुसणाऱ्याने मुख्य पॅनेलची पुसली आणि जिन्याखालची राहू दिली. तिथे मेलेला माणूस आज सकाळपर्यंत पोच देत होता. असं कोण करेल? ज्याला वाटतं की एका जागी टिचकी मारली की सगळीकडे बदल होतो.”

सकाळी ते वाक्य ज्याने उच्चारलं होतं, त्याने टेबलाची कड धरली.

“व्यापारी यायचे,” मॅनेजर म्हणाला. “समोर बसायचे आणि हा कानाशी बोंबलायचा. ते विचारायचे, काही गळतंय का? मी फक्त फोन शांत करायला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी भोंगाही दोन सेकंदांत थांबायला लागला. मला वाटलं, नवीन यंत्र हुशार आहे. मला बरंच वाटलं, मॅडम. मी कुणाला विचारलं नाही.”

“आणि मंगळवारी?”

“मंगळवारी कळलं.”

“कळल्यावर?”

“घाबरलो.” त्याने वहिनीकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. “तिच्या नावाची नोंद होतीच तिथे. मी काही केलं नाही. मी फक्त काही बोललो नाही.”

फिटर पुढे झाला, त्याची मूठ आवळलेली होती. भिंगबाईने त्याच्या दंडावर हात ठेवला. “नको. तुझ्याही केसची भर नको. फाटकावरच्या पोलिसाला वर बोलव.” मग ती प्रोग्रॅमरला म्हणाली, “तू जिन्याखाली जा. ती चौकट पूस. आणि त्या मुलाचं नाव काढ तिथून.”

७

वजनकाट्याच्या खोलीत दोघीच उरल्या. भिंगबाई अहवाल लिहीत होती. पेनाचा आवाज तेवढा येत होता.

“तुम्ही सुटलात,” ती न बघता म्हणाली. “बटण तुम्ही दाबलं नाही हे मी लिहिलंय. पोचेबरोबर लाल रेघही पुसली गेली, ती दोनच सेकंद टिकली, त्यात तुम्ही ट्रकवाल्याशी बोलत होतात. भोंगा ऐकूच आला नाही, असं तुम्ही सांगितलंत, तेही—”

“ते लिहू नका.”

भिंगबाईने पेन थांबवलं.

“वाजला होता,” वहिनी म्हणाली. “टुक झालं एकदा. दोन महिने रोज होतं तसं. वाजतं आणि आपलं आपण थांबतं. मी मान वर केली नाही. सुरुवातीला करायची. नंतर सोडून दिलं. त्या दिवशीही टुक झालं, मग त्याचा फोन आला, आणि मी जा म्हणाले. नऊ दिवस मी खोटं बोलतेय. मला वाटलं, हे सांगितलं तर सगळेच म्हणतील हिनेच मारलं.”

खात्यातल्या पंधरा वर्षांत भिंगबाईने पुष्कळ खोटी माणसं पाहिली होती, पण सुटल्यावर खरं बोलणारं पहिल्यांदाच पाहत होती. तिला त्या बाईची फार दया आली आणि ती लपवायचा तिने प्रयत्न केला नाही.

“लिहावं लागेल मला,” ती म्हणाली. “पण तुमच्याविरुद्ध म्हणून नाही. स्वतःहून थांबणारा भोंगा माणसाला कान बंद करायला शिकवतो. तुमच्या जागी मी असते तर मीही मान वर केली नसती. आमच्या नियमाने तुमचं नाव कसं उचललं, तेही लिहिणार आहे. माझ्या सहीने. पोलीस तुम्हाला हात लावणार नाहीत.”

“पोलिसांचं नाही हो मला,” वहिनी म्हणाली आणि उठली.

फाटकाजवळ म्हातारी अजून बाकावर होती. मॅनेजरला गाडीत बसवताना तिने पाहिलं होतं. बातमी तिच्यापर्यंत फिटरने पोचवलीच होती. सून समोर येऊन उभी राहिली तेव्हा नऊ दिवसांत पहिल्यांदा तिने मान वर केली.

“बटण तू दाबलं नाहीस?”

“नाही, आई.”

“त्या मेल्या मॅनेजरने केलं सगळं?”

वहिनीला इथे थांबता आलं असतं. भिंगबाई खिडकीतून बघत होती, आणि तिला मनातून वाटत होतं की तिने थांबावं.

“भोंगा वाजला होता, आई. बारीकसा. मी ऐकला होता. लक्ष दिलं नाही.”

फाटकातून एक ट्रक आत आला, दोघींच्या मधून धूळ उडवत गेला. तो गेला तरी म्हातारी तशीच बसून होती. मग गुडघ्यावर हात टेकून ती उठली, पिशवी सुनेच्या हातात दिली आणि चालू लागली.

“घरी चल,” ती मागे न बघता म्हणाली. “पण आज माझ्याशी बोलू नकोस.”